‘आम्ही’ की ‘आपण’? अमेरिकी साहित्यातली राष्ट्रीय अस्मिता कशी वाचावी

अमेरिकी साहित्य वाचायला घेणाऱ्याच्या मनात एक प्रश्न बहुधा आधीपासूनच तयार असतो: या पुस्तकांतून अमेरिकी माणूस नेमका कसा दिसतो? प्रश्नात काही गैर नाही, पण तो ज्या रीतीने सोडवला जातो त्या रीतीने वाचनाची माती होते. चार-दोन गाजलेल्या कादंबऱ्या वाचायच्या, त्यांतून स्वातंत्र्याची ओढ, एकटेपणा, यशाची भूक असे काही गुण वेचायचे आणि त्यांची मोळी बांधून तिला राष्ट्रीय अस्मिता म्हणायचे, असा हा प्रकार असतो. या साहित्यातली महत्त्वाची पुस्तके मात्र त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा आधी कोणीतरी देऊन ठेवलेल्या उत्तराला हरकत घेण्यात अधिक गुंतलेली असतात. म्हणून इथे सांगितलेल्या पद्धतीचा सगळा भर, हातातले पुस्तक कोणाशी बोलते आहे आणि कोणाशी भांडते आहे, हे शोधण्यावर आहे.

तिसऱ्या पत्रापासून सुरुवात करावी, पण तिथे थांबू नये

‘अमेरिकी माणूस म्हणजे कोण?’ हा प्रश्न थेट याच शब्दांत विचारणारे पहिले गाजलेले पुस्तक म्हणजे क्रेव्हकर यांचे ‘लेटर्स फ्रॉम ॲन अमेरिकन फार्मर’. ते १७८२ साली प्रसिद्ध झाले, तेही लंडनमध्ये. लेखक जन्माने फ्रेंच, न्यूयॉर्कच्या ऑरेंज परगण्यात शेती केलेला. पुस्तकात बारा पत्रे आहेत आणि त्यांपैकी तिसऱ्या पत्रात तो प्रसिद्ध परिच्छेद येतो, ज्यात सर्व राष्ट्रांतली माणसे इथे वितळून माणसांचा एक नवा वंश घडतो आहे असे म्हटले आहे. बहुतेक निवडक संग्रहांत हेच पत्र छापलेले असते. मी स्वतः कित्येक वर्षे एवढ्याच पत्रावर भिस्त ठेवून क्रेव्हकर यांच्याविषयी बोलत होतो, आणि अर्थातच चुकीचे बोलत होतो.

नववे पत्र वाचल्यावर ही चूक कळते. दक्षिणेतल्या चार्ल्सटनजवळ पत्रलेखक एका मळेवाल्याकडे जेवायला निघालेला असतो. वाटेत झाडीत त्याला झाडाला टांगलेला एक पिंजरा दिसतो. पिंजऱ्यात एक गुलाम आहे, पक्ष्यांनी त्याचे डोळे फोडले आहेत आणि तो पाणी मागतो आहे. पत्रलेखक त्याला पाणी पाजतो आणि पुढे चालू लागतो. कारण त्याला जेवायला जायचे आहे. तिथे यजमान त्याला समजावून सांगतात की या माणसाने मुकादमाचा जीव घेतला होता आणि स्वसंरक्षणासाठी अशा शिक्षा द्याव्याच लागतात. बाराव्या पत्रात युद्ध पेटलेले आहे आणि नव्या वंशाचे गोडवे गाणारा हाच शेतकरी बायकामुलांना घेऊन मूलनिवासींच्या गावात आश्रयाला जाण्याचे बेत करतो आहे. तिसऱ्या पत्रातले उत्तर त्याच पुस्तकात नवव्या आणि बाराव्या पत्रांनी मोडून काढलेले असते. तेव्हा पहिला नियम असा, की अस्मितेविषयीचे कोणतेही प्रसिद्ध वाक्य हाती आले की ते ज्या पुस्तकातून उचलले आहे ते पुस्तक शेवटपर्यंत वाचावे.

प्रत्येक पुस्तकासमोर तीन साले लिहावीत

कथानक कोणत्या काळात घडते ते साल, पुस्तक प्रसिद्ध झाले ते साल आणि ज्या वर्षांत ते राष्ट्राचे म्हणून मानले जाऊ लागले ते साल, अशी तीन साले वहीत टिपून ठेवावीत. यातले तिसरे साल सहसा कोणी पाहत नाही आणि नेमके तेच सर्वांत जास्त बोलके असते.

मॅसॅच्युसेट्सला आलेल्या प्युरिटन वसाहतवाल्यांचे पुढारी जॉन विन्थ्रॉप यांचे प्रवचन घ्यावे. डोंगरावरच्या नगरासारखे आपण सर्वांच्या नजरेत असू, हा त्यातला विचार १६३० सालचा. त्यामुळे तो अमेरिकेचा पायाच असल्यासारखा सांगितला जातो. परंतु हे प्रवचन छापून आले १८३८ साली, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनी. ज्या पिढ्यांनी स्वातंत्र्ययुद्ध लढले आणि संविधान लिहिले, त्यांच्या हाती तो मजकूर छापील स्वरूपात नव्हताच. केनेडी आणि रेगन यांच्या भाषणांतून तो विसाव्या शतकात घरोघरी पोचला. पाया म्हणून दाखवला जाणारा हा दगड इमारत उभी राहिल्यावर आणून बसवलेला आहे.

हर्मन मेल्व्हिल यांच्या ‘मोबी डिक’चेही तसेच. कादंबरी १८५१ सालची. मेल्व्हिल १८९१ साली वारले तेव्हा ते जवळजवळ विस्मृतीत गेलेले होते, आणि १९२० च्या दशकात, पहिल्या महायुद्धानंतर जागतिक सत्ता झालेल्या देशाला स्वतःच्या थोरवीला साजेसे काही हवे असताना, ती पुन्हा सापडली. ‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ साली आली, माफक खपली आणि १९४० साली फिट्झजेराल्ड यांचे निधन झाले तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रतीही शिल्लक होत्या. मग दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी काढलेल्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीच्या दीड लाखाहून अधिक प्रती वाटल्या गेल्या. या कादंबरीविषयी बोलताना ‘अमेरिकन ड्रीम’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. तो रूढ झाला तो जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांच्या १९३१ सालच्या पुस्तकामुळे. म्हणजे फिट्झजेराल्ड लिहीत होते तेव्हा ही चिठ्ठी तयारच नव्हती. ती नंतर चिकटवली गेली. ती काढून कादंबरी एकदा वाचून पाहावी.

मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबेरी फिन’च्या बाबतीत पहिल्या दोन सालांमधले अंतर महत्त्वाचे आहे. कथानक गुलामगिरीच्या काळातले, तर अमेरिकी आवृत्ती १८८५ सालची. मधल्या काळात यादवी युद्ध झाले, गुलामगिरी संपली आणि कृष्णवर्णीयांना दिलेले हक्क एकेक करून काढून घेण्याची सुरुवातही १८७७ नंतर झाली. हे ध्यानात ठेवून शेवटची प्रकरणे वाचावीत. टॉम सॉयर जिम या पळालेल्या गुलामाला सोडवण्यासाठी साहसकथांतल्यासारखा लांबलचक खेळ मांडतो, जिमचे हाल होतात आणि शेवटी कळते की मालकिणीच्या मृत्युपत्राने जिम दोन महिन्यांपूर्वीच मुक्त झालेला होता, आणि टॉमला ते ठाऊक होते. हा शेवट फसला आहे असे अनेक जाणकार मानतात. मला मात्र मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा कोठडीत ठेवून त्याच्या सुटकेचा तमाशा करण्याची ही गोष्ट १८८५ सालच्या वाचकाच्या तोंडावर मारलेली चपराक वाटते.

‘वी’ या शब्दाखाली रेघ मारावी

मराठी वाचकाच्या हाती इथे एक हत्यार आहे, जे इंग्रजीत वाचणाऱ्या अमेरिकी वाचकाला त्याची भाषा देत नाही. इंग्रजीतला ‘वी’ हा एकच शब्द ‘आम्ही’ही असतो आणि ‘आपण’ही असतो. ऐकणारा त्यात आहे की बाहेर आहे, हे त्या शब्दावरून कळत नाही, आणि अमेरिकी राष्ट्रीय अस्मितेचे निम्मे भांडण नेमके याच फटीत चाललेले आहे. म्हणून वाचताना जिथे जिथे ‘वी’ येईल तिथे समासात पेन्सिलीने ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ लिहावे. निर्णय होत नसेल तर प्रश्नचिन्ह करावे. ती प्रश्नचिन्हे पुसू नयेत. पुढच्या वाचनाचे दिशादर्शन त्यांनीच होते.

सराव म्हणून सुरुवातीला सरकारी कागद घ्यावेत. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत हे सत्य ‘आम्ही’ स्वयंसिद्ध मानतो. त्याच मजकुरात थोडे खाली राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे आणि तिच्यातल्या शेवटच्या तक्रारीत सरहद्दीवरच्या मूलनिवासींना निर्दय रानटी म्हटले आहे. तो पहिला ‘वी’ मग कोणता? १७८७ च्या संविधानाची सुरुवात ‘वी द पीपल’ अशी होते आणि पहिल्याच अनुच्छेदात प्रतिनिधींची संख्या ठरवण्यासाठी ‘इतर व्यक्तीं’ची गणना तीनपंचमांश धरण्याची तरतूद येते. ‘गुलाम’ हा शब्द लिहिलेला नाही, म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचावा लागतो.

एवढा सराव झाला की फ्रेडरिक डग्लस यांचे ५ जुलै १८५२ चे भाषण घ्यावे. या विषयावर एकच मजकूर वाचायला वेळ असेल तर मी हाच सुचवीन. स्थळ न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर, निमंत्रण गुलामगिरीविरोधी स्त्रियांच्या संस्थेचे आणि वक्ता असा, की जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला आहे. दोन वर्षांपूर्वीच, म्हणजे १८५० साली, पळालेल्या गुलामांना परत मालकाच्या ताब्यात देण्याचा कायदा कडक झालेला आहे. भाषण हाती घेताना दोन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. एका रंगाने ‘तुमचे’ आणि दुसऱ्याने ‘माझे’ व ‘आपले’ रंगवत जावे. सुरुवातीलाच डग्लस श्रोत्यांना ‘मित्रांनो आणि सह-नागरिकांनो’ म्हणून हाक मारतात. सह-नागरिक म्हणजे ‘आपण’. पण स्वातंत्र्यदिनाचे वर्णन सुरू होताच तो दिवस ‘तुमच्या’ राष्ट्रीय स्वातंत्र्याचा होतो, पूर्वज ‘तुमचे’ होतात. त्या पूर्वजांचे कौतुक ते मनापासून करतात. ते शूर होते, थोर होते, असे म्हणतात. श्रोते सुखावतात. आणि मग, बरेच पुढे गेल्यावर, तो घाव येतो: हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही, तुम्ही आनंद करा, मला शोकच केला पाहिजे.

घाव अचानक वाटतो, पण पेन्सिलीने रंगवलेल्या पानांवर तो आधीपासून येताना दिसतो. पानभर ‘तुमचे, तुमचे’ असा एकच रंग पसरलेला असतो. आणि तरीही भाषण तिथे संपत नाही. शेवटाकडे डग्लस संविधानाकडे वळतात आणि तो स्वातंत्र्याचाच दस्तऐवज आहे असा दावा करतात. ज्या कागदाला त्यांचे काही सहकारी गुलामगिरीशी केलेला करार म्हणून धुडकावत होते, त्यावरच ते हक्क सांगतात. ‘तुमचे’ म्हणून जे दूर ठेवले ते ‘आपले’ म्हणून ओढून घेण्याची ही खटपट आहे. अमेरिकी साहित्यात पुढे शंभर वर्षे हीच चाल पुन्हा पुन्हा खेळली गेली आहे, आणि ती ओळखता आली की बरीच पुस्तके आपोआप उलगडतात.

कवी वॉल्ट व्हिटमन यांच्याकडे ‘आय’ असतो, ‘वी’ नव्हे, म्हणून त्यांना वेगळ्या पद्धतीने वाचावे. १८५५ साली स्वखर्चाने काढलेल्या ‘लीव्हज ऑफ ग्रास’मध्ये बारा कविता होत्या, कवितांना शीर्षके नव्हती आणि मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर कवीचे नावही नव्हते, होते ते टोपी घातलेल्या, कमरेवर हात ठेवलेल्या माणसाचे चित्र. पहिली दीर्घ कविता ‘मी’ या शब्दाने सुरू होते आणि ‘तुम्ही’ या शब्दावर संपते. नाव येते ते कवितेच्या आत, जिथे वॉल्ट व्हिटमन स्वतःला ‘एक अमेरिकी’ म्हणतात. इथे वाचकाने एक छोटे काम करावे: ही ओळ १८५५ च्या आवृत्तीत पाहावी आणि मग अखेरच्या, १८९१-९२ च्या आवृत्तीत पाहावी. अखेरच्या आवृत्तीत ‘अमेरिकी’ हा शब्दच उरलेला नाही. कवी मॅनहॅटनचा पुत्र झाला आहे. आयुष्यभर एकच पुस्तक वाढवत राहिलेल्या कवीने नेमका हा शब्द का काढला असावा, यावर तास-दोन तास घालवण्यासारखे आहेत. माझा अंदाज असा, की मधल्या यादवी युद्धात त्यांनी वॉशिंग्टनच्या इस्पितळांत जखमी सैनिकांची जी शुश्रूषा केली, तिच्यानंतर तो शब्द सहज उच्चारण्याजोगा राहिला नसावा. पण हा अंदाजच आहे.

व्हिटमन यांच्या १८६० सालच्या एका कवितेत गाणारी अमेरिका ऐकू येते: सुतार, गवंडी, नावाडी, चांभार, आई, कपडे शिवणारी मुलगी. कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांची १९२५ साली प्रथम प्रसिद्ध झालेली छोटी कविता त्या यादीला उत्तर आहे आणि सगळे उत्तर एका ‘सुद्धा’त आहे. मीसुद्धा अमेरिका गातो. पाहुणे आले की मला स्वयंपाकघरात जेवायला पाठवतात. पाठवणारे ‘ते’ आहेत. उद्या मी मेजावर असेन. आणि शेवटच्या ओळीत क्रियापद बदलते: मी अमेरिका ‘गातो’ असे पहिल्या ओळीत होते, तिथे आता मीसुद्धा अमेरिका ‘आहे’. कविता इतकी लहान आहे, की व्हिटमन यांची यादी समोर नसेल तर ती हातातून निसटते.

पुस्तके जोडीने वाचावीत

जोड्या जुळवण्याची सवय हा या पद्धतीचा कणा आहे, आणि त्यासाठी माझी आवडती जोडी म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन यांचे आत्मचरित्र आणि ‘गॅट्सबी’च्या शेवटच्या प्रकरणातले एक पान. मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा स्वतःच्या बळावर कसा मोठा झाला, याची फ्रँकलिन यांनी १७७१ पासून लिहिलेली हकिकत ही स्वतःला घडवणाऱ्या अमेरिकी माणसाची मूळ प्रत मानली जाते. त्यात तेरा सद्गुणांची वही आहे, चुकेल त्या दिवशी काळा ठिपका काढायचा असा नियम आहे आणि दिवसाचे वेळापत्रकही आहे: पहाटे पाचला उठणे, रात्री दहाला झोपणे.

आता गॅट्सबीचे वेळापत्रक. कादंबरीचा नायक गॅट्सबी मेलेला आहे, अंत्ययात्रेला कोणी येण्याची चिन्हे नाहीत आणि त्याचा म्हातारा बाप खिशातून एक जुने पुस्तक काढतो. ते काउबॉय नायकाचे स्वस्त साहसपुस्तक आहे. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलाने १२ सप्टेंबर १९०६ या तारखेखाली लिहिले आहे: सहाला उठणे, डंबेल्सचा व्यायाम, विजेचा अभ्यास, साडेआठ ते साडेचार काम, वक्तृत्व आणि रुबाबदार वागणुकीचा सराव, संध्याकाळी आवश्यक शोधांचा अभ्यास. खाली संकल्प: एक दिवसाआड आंघोळ, आठवड्याला एक चांगले पुस्तक किंवा मासिक, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणे, त्यातले पाच खोडून तीन केलेले, आणि शेवटी आईवडिलांशी नीट वागणे. (ते साहसपुस्तक प्रत्यक्षात १९१० साली निघाले होते, तेव्हा ही तारीख अशक्य आहे, फिट्झजेराल्ड अशा तपशिलांत गाफील असत.)

दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवली की साम्य सगळ्यांना दिसते. पाहायचे ते गळालेले काय आहे. फ्रँकलिन यांच्या वेळापत्रकात सकाळी एक प्रश्न आहे: आज मी कोणते चांगले काम करीन? रात्री दुसरा: आज मी कोणते चांगले काम केले? मुलाच्या पानावर हे दोन्ही प्रश्न नाहीत. व्यायाम आहे, वीज आहे, बोलण्याची ढब आहे, खोडलेले पाच डॉलर आहेत. दुसऱ्या माणसाची आठवण फक्त आईवडिलांपुरती, तीही यादीच्या अगदी तळाशी. दीडशे वर्षांत एका राष्ट्रीय आदर्शातून काय झिजले, हे सांगायला फिट्झजेराल्ड यांना एकही भाष्य करावे लागलेले नाही. जोडीतले पहिले पुस्तक वाचलेले नसेल तर मात्र हे पान केवळ करुण वाटून मागे पडते.

कादंबरीशेजारी कायदा ठेवावा

अमेरिकेत कोण राष्ट्राचा आणि कोण नाही, हे वेळोवेळी कायद्याने ठरवलेले आहे, आणि लेखक ते कायदे वाचून होते. ‘गॅट्सबी’तला टॉम ब्युकॅनन पहिल्याच प्रकरणात गोऱ्या वंशावर संकट आल्याचे सांगणाऱ्या एका पुस्तकाचे कौतुक करतो. हे वाचताना आदल्याच वर्षी, १९२४ साली, राष्ट्रीयत्वानुसार स्थलांतरितांचा कोटा ठरवणारा आणि आशियाई लोकांना जवळजवळ पूर्ण मज्जाव करणारा कायदा झाला होता, हे माहीत असावे. टॉम तेव्हा एकटा बडबडत नव्हता. त्याच १९२४ साली मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व देण्यात आले, ही नोंदही शेजारी करावी. जे सर्वांच्या आधी तिथे होते त्यांचा क्रम सर्वांत शेवटी लागला.

एमा लाझारस यांचे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरचे सुनीत १८८३ चे. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ चा. थकलेल्या, गरीब लोकांना माझ्याकडे पाठवा, असे म्हणणारी देवी पूर्व किनाऱ्यावर उभी राहत असताना पश्चिमेचे दार लावून घेतलेले होते. सुनीताची पाटी पुतळ्याच्या चौथऱ्यात बसली तीही १९०३ साली, म्हणजे पुतळ्याच्या अनावरणानंतर सतरा वर्षांनी. या सुनीताची जोडी मी कोणत्याही इंग्रजी कवितेशी लावत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात स्थलांतरितांना चौकशीसाठी आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, अडकवून ठेवत. तिथल्या बराकींच्या लाकडी भिंतींवर चिनी लोकांनी अभिजात चिनी छंदांत कविता कोरल्या आहेत. त्यांत घराची आठवण आहे, संताप आहे, दारिद्र्याची लाज आहे. या कविता अमेरिकी साहित्यात मोडतात की नाही, हा प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा. माझे उत्तर, निःसंशय मोडतात.

जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’ ही १९५७ सालची कादंबरी तर एका सरकारी प्रश्नावलीवाचून कळणारच नाही. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढून छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. १९४३ साली त्यांच्यापुढे प्रश्नावली ठेवण्यात आली. तिच्यातल्या २७ व्या प्रश्नात सैन्यात लढण्याची तयारी विचारली होती आणि २८ व्यात अमेरिकेशी बिनशर्त निष्ठा व जपानच्या सम्राटाशी असलेल्या निष्ठेचा त्याग. जी निष्ठा कधी ठेवलीच नव्हती ती सोडतो असे लिहून द्यायचे, तेही तारेच्या कुंपणाआडून. दोन्हींना ‘नाही’ म्हणणाऱ्यांवरून कादंबरीचे नाव आले आहे. तिचा नायक इचिरो दोन वर्षे छावणीत आणि सैन्यभरती नाकारल्याबद्दल दोन वर्षे तुरुंगात काढून सिॲटलला परततो. प्रश्नावली वाचून मग कादंबरी उघडावी. पहिल्याच पानावर बसथांब्यावर सुटकेस घेऊन उभा असलेला तो तरुण आपल्याच गावात उपरा का, हे सांगावे लागत नाही. त्या काळी ही कादंबरी अमेरिकी वाचकांनी विकत घेतली नाही, आणि जपानी-अमेरिकी समाजालाही ती नकोशी होती. १९७१ साली ओकाडा वारले, १९७६ साली ती पुन्हा छापली गेली. इथेही तिसरे साल बोलते.

भाषेकडे कान द्यावा

इथे थोडक्यातच सांगतो, कारण मूळ इंग्रजीत वाचणाऱ्यालाच याचा पूर्ण उपयोग आहे. ‘हकलबेरी फिन’च्या आरंभी मार्क ट्वेन यांनी टीप दिली आहे, की या पुस्तकात वेगवेगळ्या बोली काळजीपूर्वक वापरल्या आहेत, त्यांनी दिलेली यादी मोजली तर सात भरतात. अमेरिकेचा आवाज एक नाही, हे त्यांनी कथा सुरू होण्याआधीच सांगून टाकले आहे. भाषांतरात बहुधा सगळे एकाच बोलीत बोलू लागतात. म्हणून भाषांतर वाचत असाल तरी मूळ पुस्तकातली जिमची आणि हकची दोन-दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकी लेखिका ग्लोरिया अँझाल्दुआ यांचे १९८७ सालचे ‘बॉर्डरलँड्स’ इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणि परत असे सूचना न देता जात राहते. वाचकाला अडखळावे लागते, आणि ते अडखळणे लेखिकेला हवेच आहे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा मुलूख अमेरिकेत आला तेव्हा तिथली माणसे जागची हलली नव्हती, सीमा त्यांच्या अंगावरून गेली होती. ते वाक्यरचनेतून जाणवून देण्याची ही रीत आहे.

यादी कोणी केली ते पाहावे

वाचनाच्या ज्या याद्या सर्वत्र मिळतात त्यांच्यावर समीक्षक एफ. ओ. मॅथिसन यांच्या १९४१ सालच्या ‘अमेरिकन रेनेसान्स’ची गडद छाया आहे. १८५० ते १८५५ या थोड्या वर्षांत इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल आणि व्हिटमन यांनी जे लिहिले त्यातून अमेरिकी साहित्य वयात आले, अशी त्यांची मांडणी होती. पुस्तक आजही वाचनीय आहे. पण त्याच पाच वर्षांत डग्लस यांचे ते भाषण झाले आणि हॅरिएट बीचर स्टोव यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रतींवर खपली. ही दोन्ही त्या पाचांत नाहीत. यादी टाकून देण्याचे कारण नाही. तिच्याशेजारी दुसरी यादी ठेवावी, एवढेच.

कृष्णवर्णीय कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९९२ सालच्या ‘प्लेइंग इन द डार्क’मध्ये याहून अवघड काम सांगितले आहे: गोऱ्या लेखकांच्या पुस्तकांतच कोपऱ्यात उभे असलेले कृष्णवर्णीय पात्र शोधावे, कारण नायकाचे स्वातंत्र्य बरेचदा त्याच्या पारतंत्र्याच्या आधाराने उभे असते. हा उपाय इतरांनाही लागू करता येतो. ‘मोबी डिक’मधल्या जहाजाचे नाव पिक्वॉड, मॅसॅच्युसेट्सच्या एका प्रसिद्ध जमातीचे हे नाव असून ती आता नामशेष झाली आहे, असे निवेदक जाता जाता सांगतो. पिक्वॉट लोक नामशेष झाले नव्हते. ते आजही कनेटिकटमध्ये आहेत, आणि १९८३ साली त्यांच्या एका शाखेला संघराज्य सरकारची मान्यताही मिळाली. जगभरच्या खलाशांना एका फळीवर आणणाऱ्या, अमेरिकेचे रूपक मानल्या गेलेल्या या जहाजाच्या नावातच एक जिवंत समाज मृत ठरवलेला आहे. मी हे वाक्य तीन वाचनांत लक्ष न देता ओलांडले होते.

उलट बाजूने एक सावधगिरीही हवी. प्रत्येक पुस्तकाला राष्ट्राच्या साक्षीला उभे करू नये. एमिली डिकिन्सन यांच्या जवळपास १,८०० कवितांपैकी अगदी मोजक्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या. त्यांत माशी आहे, मृत्यू आहे, दुपारचा तिरपा उजेड आहे. या कवितांत अमेरिका शोधत बसले तर कविता हातची जाते. जे पुस्तक ‘वी’ म्हणतच नाही त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

एवढी तयारी झाल्यावर राल्फ एलिसन यांची ‘इन्व्हिजिबल मॅन’ घ्यावी, तीही घाई न करता, महिनाभर. १९५२ सालच्या या कादंबरीत डग्लस यांची तसबीर भिंतीवर दिसते, इमर्सन हे नाव एका धनिकाला दिलेले सापडते, आणि निनावी कृष्णवर्णीय निवेदक तळघरात शेकडो दिवे लावून बसलेला असतो. तिची शेवटची ओळ प्रश्नार्थक आहे: कोण जाणे, खालच्या कंपनांवर मी तुमच्याच वतीने बोलत असेन? त्या ‘तुमच्या’खाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि समासात काय लिहायचे ते ठरवायला वेळ घ्यावा.